कोललेलं मोजत नाहीत

गेल्या मे महिन्यात मी मारलेला एक बॉल वाऱ्यावर चढला, मैदानाचं कुंपण ओलांडून रुळांकडे गेला आणि चालत्या मालगाडीच्या उघड्या वाघिणीत पडला. चौथ्या दिवशी तो कुरिअरने परत आला. पाठवणारा कर्जतचा गार्ड. पाकिटात बॉलसोबत दोन बटाटेवडे होते आणि ते गरम होते.

ही हकिगत मी आमच्या मैदानावर निदान तीस जणांना सांगितली आहे. वड्यांपर्यंत सगळे ऐकून घेतात. गरम म्हटलं की उठून जातात. एकटा बाळाजी बसून राहतो आणि विचारतो, "चटनी कुठली व्हती?" आमची दोस्ती चाळीस वर्षं टिकली ती असल्या प्रश्नांवर.

मी मधू. अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर्सला सुपरवायझर होतो, रिटायर होऊन चौदा वर्षं झाली. बाळाजी तिथेच माझ्या हाताखाली होता. पहाटे बदलापूर गावातल्या आपल्या खाचरात चिखल तुडवायचा आणि आठच्या भोंग्याला पाय धुऊन गेटवर हजर. तेव्हा तो मला 'सायेब' म्हणायचा. अजूनही म्हणतो, फक्त त्यातला आदर पेन्शनीला निघाला आणि टोमणा ड्यूटीवर राहिला.

मैदान पालिकेचं आहे. गावामागची, नदीकडे उतरत जाणारी जमीन बरीच वर्षं आरक्षणात पडून होती. तिथे आधी बाग होणार होती, मग नाट्यगृह, मग काहीच नाही, आणि अचानक एका सकाळी बोर्ड लागला की नऊ होलचं गोल्फ होणार, सर्वसामान्य नागरिकांसाठी, परवडणाऱ्या दरात. आम्ही बोर्डासमोर उभे राहून पोटभर हसलो. ज्येष्ठांना पास आहे असं कळल्यावर हसणं आवरलं. आता सकाळी सहापासून तिथे गर्दी असते. रिटायर्ड मास्तर, शहाडहून येणारा एक केमिस्ट, कॅम्प तीनच्या बाजारातले जीन्सवाले शेठ. स्टिका कुठून आणल्या ते विचारू नका. कॅम्प तीनमध्ये मिळत नाही अशी वस्तू अजून जगात बनायची आहे. माझी गोल्फची बॅग तिथल्याच एका कारखान्यात शिवलेली, जीन्सच्या एका पायाची. मागचा खिसा ठेवून घेतलाय, त्यात बॉल राहतात.

सात, आठ आणि नऊ हे शेवटचे तीन होल जिथे आहेत तिथे एकेकाळी बाळाजीची भातखाचरं होती. जमीन गेली, बांध सपाट झाले, वर लॉन आलं. पण खालची जमीन होती तशीच आहे, असं बाळाजी म्हणतो. झेंड्याभोवतीच्या बारीक गवताला ग्रीन म्हणतात. तिथे बॉल कसा वळेल हे आम्ही बाकीचे गुडघे टेकून, एक डोळा मिटून, स्टिक उभी धरून शोधत बसतो. बाळाजी चप्पल काढतो, अनवाणी चार पावलं टाकतो आणि सांगतो, "पानी हिकरून जाईल." बॉल पाण्यामागे जातो. त्याचा बाप तिथे बांध फोडून खालच्या खाचरात पाणी सोडायचा. तेव्हापासून ते पाणी बाळाजीच्या तळपायात आहे.

डोळ्यांत मात्र काचबिंदू आहे. गेली दोन वर्षं कडांकडून अंधार आत सरकतोय. नळीतून बघावं तसं दिसतं, म्हणतो. बॉल स्टिकला लागेपर्यंत त्याचा असतो, त्यापुढचा माझा. तो टोला मारतो आणि मान न वळवता विचारतो, "कुठं गेला?" मी सांगतो, उजवीकडे, जांभळीच्या अलीकडे, वीस पावलं. तो वीस पावलं मोजत जातो आणि बॉल तिथे असतो.

यंदा नवा नियम आला. कुणाच्या तरी बॉलने नदीकाठच्या वाटेवर फिरायला आलेल्या एका गृहस्थाचं कपाळ फुटलं. मग ठरलं की ज्येष्ठांचा पास पुढे चालू ठेवायचा तर एकदा परीक्षा द्यायची. नऊ होल, जास्तीत जास्त त्रेसष्ट टोले. सोबत्याने कार्डावर लिहायचं आणि खाली सही करायची. नापास झाला तर वर्षभर मैदान बंद.

त्यावर बाळाजीच्या मुलाने, भूपेशने, घरचा नियम जोडला. "पप्पा, पास झालात तर जावा. नाय झालात तर आता बस. एवढी सातव्या मजल्यावर गॅलरी घेतलीय, हवा येते, बसा की आरामात."

हे बाळाजीने मला रिक्षातून जाताना सांगितलं. डिसेंबरातला मंगळवार होता. मग म्हणाला, "गॅलरीला माझी ना नाय रं. पन घरातल्या टाइल्सवर पाय ठेवला की पायाला काय कलत नाय. हिकडं तिकडं सगली एकच. मैदानात कसं, पाय टेकला की मी कुठं हाय ते समजतं."

म्हणजे त्रेसष्टात आला तर पायाखाली जमीन, नाही आला तर टाइल्स.

काउंटरवर जिज्ञासा होती. पालिकेची पोरगी, कंत्राटावरची इंजिनिअर, मैदान तीच सांभाळते. तिने कार्ड आणि पेन्सिल माझ्या हातात देता देता मागे घेतली.

"मधूकाका, मार्कर तुम्ही?"

"का? मला लिहिता येतं."

"येतं ना, तेच टेन्शन आहे. प्लीज हां, फॉर्टी-टू वगैरे घेऊन येऊ नका. मला वरती दाखवायचं असतं."

बाळाजी म्हणाला, "पोरी, मोजनार मी. यो फकस्त लिवनार."

"बाबा मोजणार असतील तर ठीक आहे," ती म्हणाली आणि तिने पेन्सिल सोडली.

आता बाळाजी मोजतो कसा, ते सांगायला हवं. त्याची मोजणी विटीदांडूची. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेत, झकू. गावोगावी थोडा फरक असेल, पण आमच्याकडे हे असं. सातावर झकू, झकू झाला की परत वकट. नऊ होल आणि त्रेसष्ट टोले म्हणजे दर होलला बरोबर एक झकू. "नियम करनारा आपल्याच गावचा दिसतो," बाळाजी खुशीत म्हणाला होता.

पण विटीदांडूत एक गंमत असते. जमिनीत उकरलेल्या गलीवर विटी आडवी ठेवतात आणि दांडूने आधी कोलतात. ते कोलणं मोजत नाहीत. कोललेली विटी समोरच्याने झेलली नाही, की मग खरा डाव, मग मोजणी. बाळाजी टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या खुंटीवर, बॉल ठेवून पहिला टोला मारतो तेव्हा तोंड मिटलेलं असतं. दुसऱ्या टोल्याला म्हणतो, वकट. दर होलला एक टोला हवेत विरून जातो. नऊ होलला नऊ.

हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. आधी वाटलं, हा लबाडी करतोय, आणि मला फार बरं वाटलं. चला, एक भाऊबंद मिळाला. मग लक्षात आलं की याला पत्ताच नाही. कारखान्यात पाच मिनिटं उशीर झाला तर स्वतः येऊन "आज उशीर लावा" म्हणणारा हा माणूस. जगातला सगळ्यात खरा माणूस एका सकाळी नऊ वेळा खोटं बोलतो आणि ते फक्त मला ठाऊक आहे. माझ्यासारख्याला याहून मोठी चैन नाही. तीन वर्षं मी ती एकट्याने केली. तोवर त्यात कुणाचं काही जात नव्हतं.

पहिले पाच होल छान गेले. गवतावर दव होतं, बॉल गेला तिथे काळी रेघ उमटायची. बाळाजी मोजायचा, मी लिहायचो. त्याचेच आकडे लिहायचो. प्रत्येक होलला मनात म्हणायचो, पुढच्या होलला बघू.

सहाव्याला त्याचा दुसरा टोला तिरका लागला. बॉल नदीकाठच्या वाटेवरून गेला. वाटेवर दोन बायका चालत होत्या आणि त्यांच्या मध्ये एक लहान मुलगी हात धरून लोंबकळत होती. बॉल तिच्या डोक्याच्या हातभर वरून जाऊन पलीकडच्या झुडपात पडला. बायकांना कळलंही नाही, त्या बोलत पुढे गेल्या.

"कुठं गेला?" बाळाजीने विचारलं.

"वाटेपलीकडे. झुडपात."

"वाटेवर कोन व्हतं?"

"होतं."

"लागलं?"

"नाही."

तो स्टिकेवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "मना दिसलं नाय," म्हणाला. मग मी सांगितलेल्या झुडपाकडे चालू लागला. तो होल त्याने पुरा केला, आणि म्हणाला, "वेत. सहा लिव."

मी लिहिले सहा. आम्ही बाकावर बसलो. त्याने बाटलीतून पाणी प्यायलं, मला दिलं. "झालं किती?"

"सदतीस."

"म्हंजे तीन होलला सव्वीस हायेत. झोपून खेललो तरी पास." त्याने चप्पल काढून पाय गवतावर टेकवले. "सायेब, तू सगल्या दुनियेला थापा मारल्यास. माझ्या लग्नात हत्ती आयलेला म्हनून वेणूच्या माहेरी सांगून आयलास. पन बॉल कुठं पडला, ते तुनी मना कवा खोटं नाय सांगितलं. त्याच्यावरच मी खेलतंय."

पेन्सिलीला खोडरबर होता. मी तो नखाने कुरतडत बसलो. समोर ती मुलगी अजून दिसत होती, वाटेच्या वळणावर, एवढीशी.

"बाळाजी," मी म्हणालो, "पहिला टोला मोजायचा असतो."

"कंचा पहिला?"

"टीवरचा. तू मोजत नाहीस."

"तो कोललेला."

"गोल्फात कोललेलं नसतं. स्टिक फिरवली की टोला. सगळे धरतात."

तो हसला. "आज नको सायेब. पास झालो की चा पिताना मार. तिथं ऐकतो."

"थाप नाही ही."

"ऱ्हाऊ दे. कर्जतच्या वड्याच्या पाकिटात ही पन भर."

लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवू नये, यासाठी मी आयुष्यभर मेहनत घेतली. गरम वडे घातले नसते तर ती गोष्ट पटली असती, आणि पटली असती तर तिच्यात काय राम होता.  त्या बाकावर मात्र खरं कसं सांगतात, त्याला आवाज कसा लावतात, हे मला येत नव्हतं. मी कार्ड आणि पेन्सिल त्याच्या तळहातावर ठेवली.

"मग तूच लिही आणि तूच सही कर. मी करणार नाही."

कार्ड त्याच्या हातात राहिलं. पलीकडे कुणीतरी टोला मारला, बॉल कुठेतरी पडला. तो म्हणाला, "तो शहाडचा केमिस्ट. तो मोजतो पहिला?"

"मोजतो."

"नि ती पोरगी शिकवते तवा?"

"तीही."

"म्हंजे मी तीन वर्सं…"

"हो."

त्याने हिशेब केला असावा, कारण एकदम मान वर झाली. "म्हंजे दिवालीचा सामना तू जिंकलेलास?"

"दोन टोल्यांनी."

"नि पेढे मी वाटले."

"चांगले होते पेढे."

तो हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. कार्ड माझ्याकडे परत केलं. "खोडून लिव. सहा होल, सहा वाढव. किती?"

"त्रेचाळीस."

"ऱ्हायले वीस. तीन झकू नाय चालनार. एका होलात एक तरी कमी पायजेल." तो उठला, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच सातव्याकडे निघाला.

सातव्याच्या टीवर त्याने बॉल ठेवला, स्टिक मागे नेली, मारली आणि मोठ्याने म्हणाला, "वकट." इतक्या मोठ्याने, की बाजूच्या होलवरच्या जीन्सवाल्या शेठने वळून पाहिलं. त्या होलला झकू झाला. पन्नास.

आठव्यावर तो जे खेळला ते मी पुन्हा पाहणार नाही. ग्रीनच्या कडेवरून झेंडा तेरा-चौदा पावलं होता. तो आडवा चालला, उभा चालला, एका जागी टाच रुतवून थांबला. "हितं बांध व्हता," म्हणाला, "त्याच्या अंगानं पानी आदी वर जातं नि मग उतरतं." वरच्या अंगाला पाणी जातं अशी थाप मी मारली असती तरी लोक हसले असते. बॉल डावीकडे चढला, क्षणभर घुटमळला आणि उतरत जाऊन गायब झाला. आमच्याकडे होलमध्ये पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवलाय, त्यात बॉल पडला की टक् असा आवाज येतो. टक्. सहाव्या टोल्यात होल. छप्पन्न.

"नवव्याला झकू चालंल," बाळाजी म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

नववा होल नदीच्या अंगाने लांबलचक जातो. दव वाळलं होतं, बॉलची रेघ आता उमटत नव्हती. वकट सरळ गेला. लेंड झाडीत गेला, मी सांगितलं, तो गेला, मूंडला बाहेर काढला. नाल बरा होता. आरला बॉल ग्रीनवर आला, पण झेंड्यापासून लांब. दोन टोले हातात.

तो बराच वेळ चालला. मध्येच उकिडवा बसला, तळवा गवतावर ठेवला. "हितं आमचा राब व्हता," म्हणाला. राब म्हणजे जिथे भाताची रोपं करतात ती जागा. "राबाची जमीन मऊ ठेवलेली असती. हितं पानी थांबतं." त्याने जोरात मारायला हवं होतं, तसं मारलंही, आणि तरी बॉल होलच्या दोन हात अलीकडे थांबला.

"वेत," तो म्हणाला. "कुठं हाय?"

"तुझ्या नाकासमोर. दोन हात. मी झेंड्यामागे उभा राहतो, माझ्या आवाजावर मार."

मी झेंडा काढला, मागे उभा राहिलो आणि बोलत राहिलो. काय बोललो आठवत नाही, बहुतेक हत्तीचंच. त्याने पाय जुळवले. बॉल हलकेच निघाला, जिथे वळायला हवा तिथे वळला आणि होलच्या काठावर येऊन उभा राहिला.

आवाज आला नाही.

"पडला?" बाळाजीने विचारलं.

माझ्या बुटाचं टोक बॉलपासून वीतभर होतं. आसपास कुणी नव्हतं. शेठ मागच्या होलवर पाठ करून उभा होता. आयुष्यात मी हत्ती आणले, मालगाड्या वळवल्या, एकदा तर उल्हास नदी दोन तास उलटी वाहवली. इथे फक्त एक टक् हवा होता.

"नाही," मी म्हणालो. "काठावर आहे. दोन बोटं."

"वाऱ्यानं जाईल?"

"वारा नाही."

आम्ही दोघं तरी थोडं थांबलो. मग तो स्टिक पुढे टेकत आला, पायाने जागा चाचपली, वाकून अगदी जवळून बॉल पाहिला आणि ढकलला. टक्. विटीदांडूत झकूच्या पुढचा आकडाच नाही. तो हळू म्हणाला, "वकट."

चौसष्ट.

काउंटरवर जिज्ञासाने कार्ड दोनदा वाचलं. "हे काय? सहा जागी खोडलंय. आणि वाढवलंय?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी लहान असतो तर कान धरले असते. "मधूकाका, मस्करीला पण टाइम असतो. बाबांच्या टेस्टमध्ये? मी ओरिजिनल आकडे धरते. ते धरले तर फिफ्टी-एट. बाबा, तुम्ही पास आहात."

 माझ्या बोलण्याची किंमत त्या काउंटरला माहीत होती.

बाळाजीने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "पोरी, तो खरं बोलतोय. मोजायला मी चुकलो. नवे धर."

"बाबा, नवे धरले तर चौसष्ट. एकाने जातंय."

"हां. एकानं."

ती काही तरी म्हणणार होती. तोवर त्याने गळ्यातली दोरी काढली, पासाभोवती नीट गुंडाळली आणि तिच्यासमोर ठेवली.

आम्ही रिक्षा स्टँडपर्यंत चालत गेलो. शेअर रिक्षात मागे एकच जागा होती. तो बसला. मग डोकं बाहेर काढून विचारलं, "तीन वर्सं हसलास ना?"

"हसलो."

"एकटाच?"

"एकटाच. कुणाला सांगितलं नाही."

"तू, नि कुनाला सांगितलं नाय." त्याने विचार केला. "हे मात्र पटत नाय."

ड्रायव्हरच्या शेजारी बसता आलं असतं मला. त्याने बोलावलं नाही, मी बसलो नाही.

तीन मंगळवार गेले. मी एकटा खेळून पाहिलं. बॉल मारायचा, बघायचा आणि कुणाला न सांगता चालत जायचं, यात काही दम नव्हता. मनात तोच हिशेब चालायचा. गप्प बसलो असतो तर तो निष्पाप मनाने पास झाला असता, आज इथे अनवाणी फिरत असता. आणि ती मुलगी पुन्हा कुणाचा तरी हात धरून वाटेवर असती. दोन्ही गोष्टी मी मनात शेजारी शेजारी ठेवायचो आणि दोन्ही तिथेच राहायच्या, एकमेकींना खोडत नव्हत्या. चौथ्या मंगळवारी मी स्टिका घरी ठेवल्या आणि त्याच्या बिल्डिंगची लिफ्ट चढलो.

दार भूपेशने उघडलं. ऑफिसला निघायच्या घाईत होता. "बरं झालं काका आलात. पप्पा गॅलरीत आहेत. इथून त्यांचं मैदान दिसतं ना, तर मी रोज सांगतो त्यांना, आज कोण आलंय, कोण खेळतंय. बरं वाटतं त्यांना." हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

बाळाजी खुर्चीत बसला होता. पायाखाली दुमडलेलं गोणपाट होतं, टाइल्सवर.

"सायेब ना? चालीवरून कललं." तो वळला नाही. "आलायस तर बघ जरा. सातव्यावर कोन हाय?"

मी कठड्याशी गेलो. समोर नवा टॉवर उठत होता. हिरवी जाळी, बांबू, सळया, सिमेंट वर नेणारा पाळणा. त्याच्या आणि पाण्याच्या टाकीच्या फटीतून बोटभर नदी चमकत होती. मैदान कुठेच नव्हतं. आत दाराशी भूपेश उभा होता, एका पायात बूट, आणि मला हाताने खुणा करत होता: बोला, काहीतरी बोला.

"दिसत नाही, बाळाजी," मी म्हणालो. "मध्ये टॉवर आलाय. दहाव्या मजल्याचा स्लॅब चालू आहे."

भूपेशचा हात खाली गेला. तो वळून दुसरा बूट शोधू लागला.

"माहीत हाय," बाळाजी म्हणाला. "दिवसभर त्यांचा पालना खडखडतो. बॉलचा एक आवाज येत नाय." मग आवाज खाली आणून, मुलाला ऐकू जाऊ नये म्हणून, "पोरगा चांगला हाय. रोज वेल काढून सांगतो. पन त्याला खोटं जमत नाय रं. तीच दोन मानसं रोज आनतो. केमिस्ट, शेठ, केमिस्ट, शेठ. नि एकाचा पन बॉल हरवत नाय."

बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला. भूपेश गेला. आतून वेणूबाईंनी चहा टाकल्याचा वास येत होता. बाळाजीने पायाने शेजारचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"बस. दिसत नाय म्हनालास, ते झालं. आता सांग, सातव्यावर कोन हाय?"

मी बसलो. जाळीच्या हिरव्या कापडाकडे थोडा वेळ नीट पाहिलं.

"सातव्यावर," मी म्हणालो, "एक म्हैस उभी आहे. गळ्यात पास आहे."

"ज्येष्ठांचा?" बाळाजीने विचारलं.